दहीसाखर कुणाच्या हातावर?

आमच्या घरी पहाट उजाडायची ती लोकांच्या डब्यांच्या पोळ्यांनी. आईच्या माहेरीही हेच काम; त्यापायीच तिची शाळा सातवीत सुटली, पुढे मीही तिच्या शेजारी पोळ्या लाटतच पदवीधर झाले, घरातली पहिली. मग आई बाहेरून दहावीला बसली. गणिताच्या पेपरच्या सकाळीसुद्धा ती डबे भरत होती. मी दहीसाखरेची वाटी पुढे केली, तर तिनं ती घेऊन सवयीनं दहीसाखर माझ्याच तळहातावर वाढली.

"अगं आई, पेपर तुझा आहे!"

"अगं बाई, हो की!" पोरीसारखी हसत तिनं पिठाचा हात पुढे केला.

बायकांच्या शिकण्याआड कितीदा ही सवयच येते, आधी दुसऱ्याला वाढायची. त्या वर्षी माझी आई दहावी पास झाली, गणितासकट.