गजाभाईंचं नाव निघेना

आमच्या धंद्यात दोन गोष्टी साठतात. एक गम, दुसरे किस्से. हाताचा गम रॉकेलने निघतो. किस्से कशानेच निघत नाहीत, उलट चार जण चहाला बसले की आणखी दोन चिकटतात!

धंदा म्हणजे काय, तर पेडण्याहून मोपाला जाताना लागतं ते आमचं रेडियमचं दुकान. मी आणि माझा पार्टनर सगुण. सगुण सातार्ड्याचा, म्हणजे पलीकडच्या सिंधुदुर्गातला, पण रोज माझ्याआधी हजर. वीसेक वर्षं आम्ही लोकांच्या गाड्यांवर नावं, देव, वाघ, गरुड असं काय काय चिकटवलं. मग मोपाला विमानतळ झाला आणि टॅक्सीवाल्यांना एकदम कोऱ्या करकरीत गाड्या हव्या झाल्या! आम्ही पाटीवर एक ओळ वाढवली, 'जुने स्टिकर काढून मिळतील'. आता चिकटवायला एक येतो, काढायला पाच. आपलंच पाप आपणच पुसतोय म्हणा ना!

*

यातलं सगळ्यात चिवट पाप म्हणजे गजाभाईंची व्हॅन.

बारा वर्षांपूर्वी गजाभाईंनी नवी पांढरी व्हॅन टॅक्सीसाठी घेतली आणि थेट आमच्याकडे आणली. बॉनेटवर लाल अक्षरांत 'गजानन' पाहिजे. गळ्यात दोरी बांधलेला चष्मा. तो नाकावर चढवून माणूस दोन तास बॉनेटवर ओणवा! "शेवटचो 'न' तिरको झालो हां रे." सगुणने मोजलं तर खरंच केसाइतका तिरका होता. काढून परत लावला. आणि वैतागून, छाती ठोकून सांगितलं, "गजाभाई, तुमी म्हातारे होशात, पण ह्या नाव काय निघाचा नाय!"

मागच्या वर्षी गजाभाईंची मुलगी सुधा दुकानात आली. तोंड एवढंसं. गजाभाईंचे गुडघे गेले, व्हॅन अंगणात उभी. सुधा हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहून कंटाळलेली. टॅक्सीचं लायसन्स पहिल्या फटक्यात काढलेलं, विमानतळाची भाडी मारायची तिची फार इच्छा. पण बाप व्हॅनची चावी देईना. "माझ्या नावाची गाडी आसा, चालवीन तर मीच!" आणि वर अट घातली, "ज्या दिवशी ह्या डोळ्यांका त्या नाव वाचूक गावचा नाय, त्या दिवशी चावी तुझी."

सगुणचा शब्द त्यांच्या ध्यानात होता, कळलं ना?

"सगुणकाका, तुम्हीच लावलंत, तुम्हीच काढा," सुधा म्हणाली. सगुणचा चेहरा बघण्यासारखा झाला. निघालं तर त्याचा शब्द गेला, नाही निघालं तर पोरीची टॅक्सी गेली!

आम्ही म्हटलं, शनिवारी घेऊन ये.

*

तिला आधी एकच बजावलं, घरी हात लावू नकोस. कारण केरीच्या किनाऱ्यावरचा एक शॅकवाला. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि जीपच्या दारावरचा मोठा मासा स्वतः काढायला बसला. तेल संपलं, नखं संपली, तेव्हा बायकोची तारेची घासणी घेतली!

जीप आमच्यासमोर आली तेव्हा मासा मजेत होता. त्याच्याभोवतीचा रंग हातभर खरवडून पत्रा चमकत होता. सगुणने चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि म्हणाला, "मासो बरो ऱ्हवलो हां. जीप तेवढी गेली!"

*

खरी पद्धत साधी आहे. स्टिकर गरम करायचा, कोपरा उचलायचा आणि पत्र्यालगत हळूहळू ओढायचा. घाई केली की रंग सोबत येतो.

गरम करायला आमच्याकडे हीट गन आहे. ती एकदा ऐन कामात जळाली. एक टिपर ट्रक अर्धा सोललेला, मालक डोक्यावर उभा. शेजारीच माझ्या बायकोचं, सुलभाचं पार्लर. मी गेलो आणि हळूच तिचा हेअर ड्रायर उचलून आणला.

पाच मिनिटांत मागून आवाज आला. बघतो तर संध्याकाळी जिचं लग्न ती मुलगी, ओल्या केसांनी, अंगावर टॉवेल टाकून रस्त्यात उभी!

"अहो काका, लग्न माझं आहे की टिपराचं?"

टिपरमालकाने स्वतः माझ्या हातातला ड्रायर घेतला आणि दोन्ही हातांनी तिला नेऊन दिला.

*

डिचोलीहून एक टिपर आला तो किस्सा तर सुलभा अजून सांगते. खाणी थांबल्यापासून तो घरासमोर उभा होता. आता परत काम मिळेल अशी आशा, म्हणून धुऊनपुसून आणलेला. कॅबिनवर ठळक नाव, 'बाळ सोहम'.

चालवत आलेला गडी सहा फुटी, मिशा ह्या एवढ्या. मी विचारलं, "बाळ कसा आहे? शाळेत जातो?"

"मीच तो," गडी म्हणाला. "त्यातलं बाळ तेवढं काढा."

शेजारच्या सीटवर त्याची आई. "ऱ्हवांदी रे, काय वायट दिसता?" पण आम्ही काढलं. आणि मग व्हायचं तेच झालं. बाकीचा रंग उन्हाने विटलेला, अक्षरांखालचा मात्र नवाकोरा. त्यामुळे स्टिकर गेला तरी नाव जसंच्या तसं वाचता येत होतं. आम्ही त्याला सावली म्हणतो. गडी कपाळाला हात लावून बसला.

आई मात्र खुशीत टाळी वाजवून म्हणाली, "बघ, उन्हानसुद्धा तुका बाळच ठेवला!"

*

शनिवारी सुधा व्हॅनमधून आली. चालवायला गजाभाईंनी शेजारी पाठवला होता, चावी त्याच्याकडून परत मागवून घेतली. सगुणने कुणाला हात लावू दिला नाही. अक्षरं चारच, पण दुपारपर्यंत बसला. एकेक अक्षर गरम करून, फुंकर घालून, अखंड काढलं. रंगाला ओरखडा नाही. सुधाने अक्षरं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

आणि बॉनेटवर बघतो तर काय? पिवळट पडलेल्या पांढऱ्यावर स्वच्छ पांढरं 'गजानन'. सावली!

सुधाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग पॉलिशचं मशीन काढलं. दोन दिवस आम्ही तिघं आलटून पालटून घासत होतो. सावली फिकट झाली, अजून फिकट झाली, पण गेली नाही. आणखी घासलं असतं तर पत्रा लागला असता. सगुण शेवटी मशीन ठेवून म्हणाला, "चेडवा, माझा कामच वायट. नको तितक्या चांगला केलेला."

सोमवारी सकाळी गजाभाई रिक्षाने आले. काठी टेकत बॉनेटपाशी गेले. चष्मा चढवला. वाकले. आणि एक बोट पहिल्या अक्षरावरून सावकाश फिरवत शेवटच्या 'न'पर्यंत आले. तिथे बोट जरा थांबलं.

सुधा श्वास रोखून माझ्या मागे उभी.

गजाभाई सरळ झाले. लेकीकडे बघितलं. तिचे हात कोपरापर्यंत पॉलिशने माखलेले. मग त्यांनी चष्मा काढला, गळ्यातली दोरीही काढली, दोन्ही नीट गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि परत बॉनेटवर वाकले.

"खंय आसा नाव? माका तर काय एक वाचूक गावणा नाय."

"असा कसा?" सगुण उसळला. "हो बघा 'ग', हो 'जा'..."

मी त्याच्या पायावर पाय दिला, जोरात.

गजाभाईंनी खिशातून चावी काढली आणि सुधाच्या हातावर ठेवली.

"सांभाळून गो बाय," ते म्हणाले. "ब्रेक जरा खाली लागता."