कोपरा फाटलेलं हवाईपत्र

माझा थोरला भाऊ बी.एस्सी. करायला युगांडात गेला, तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या आळीला परदेश म्हणजे फक्त विलायत ठाऊक होती. शिकायला कुणी आफ्रिकेत जातं का, असं ज्याने त्याने विचारून घेतलं. मामा नैरोबीला रेल्वेत होते, त्यांच्या खटपटीने शेजारच्या युगांडातल्या कॉलेजात जागा मिळाली होती. मुंबईत मिळाली नव्हती, हे वडील कुणाला सांगत नसत. आईला सिंहापासून तापापर्यंत सगळ्याची भीती वाटायची. भाऊ लिहायचा, इथे सिंहबिंह काही नाहीत, होस्टेलवर रोज उकडलेली कच्ची केळी असतात आणि त्यांचाच वीट आलाय. मग पोरगा उपाशी राहतो, अशी नवी धास्ती ती घ्यायची.

त्याच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी पोस्टमनने निळं हवाईपत्र माझ्या हातात दिलं. मी बारा वर्षांची होते. पत्राचा एक कोपरा फाडलेला होता.

कुणी गेल्याचं कळवायचं, तर आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडून पाठवत. ते घरात न आणता बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. काकू गेली तेव्हा मी हे पाहिलं होतं. त्यात या पत्रावरच्या पत्त्याचं अक्षर भावाचं नव्हतं. पत्र उघडायची छाती झाली नाही, ते मी मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगात खुपसलं.

आई स्वयंपाकघरात मेतकूट कुटत होती. बोटीने तिकडे जाणारं कुणी भेटलं होतं, त्यांच्याबरोबर भावाला डबा द्यायचा होता. पोस्टमन आला होता का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. मग हिंग जास्त झाला का बघ, म्हणून तिने माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवलं. ते न चाखताच मी ठीक आहे म्हटलं. मला भयंकर भीती वाटत होती आणि मामांचा रागही येत होता.

संध्याकाळी वडील ठाण्याच्या कचेरीतून आले, तेव्हा मी फाटकातच पत्र दिलं. त्यांनी कोपरा पाहिला, पत्र न उघडताच ते कठड्यावर ठेवलं आणि सरळ विहिरीवर जाऊन कोटासकट दोन बादल्या अंगावर घेतल्या. मग ओल्या हातांनी पत्र उघडलं. ते इंग्रजीत होतं, भावाच्या खोलीत राहणाऱ्या तिथल्याच एका विद्यार्थ्याने लिहिलेलं. भाऊ प्रयोगशाळेच्या पायरीवरून पडला होता, उजवा हात मोडून प्लास्टरमध्ये होता, बाकी ठीक होता. खाली माफी मागितली होती: कोपऱ्यावर शाई सांडली, पत्र वाईट दिसू नये म्हणून तेवढा फाडून टाकला. वडील हसायला लागले आणि हसता हसता रडले.

विहिरीचा आवाज ऐकून आई बाहेर आली होती. वडिलांनी तिला सगळं पत्र मराठीत सांगितलं. ती त्यांच्या ओल्या कोटाकडे बघत राहिली.

"मग आंघोळ कशाला केलीत?" तिने विचारलं.

तिने पत्रावर अजिबात विश्वास ठेवला नाही. वडिलांनी भावाला लिहिलं, डाव्या हाताने लिही, पण लिही. उत्तर यायला महिना उलटला. तोवर आई एक वेळच जेवायची आणि मेतकुटाचा डबा तिने जाऊ दिला नाही. आमची समजूत काढायला त्या मुलाने खोटं तर लिहिलं नसेल, असं मलाही वाटू लागलं.

अखेर पत्र आलं. अक्षरं एवढी मोठाली आणि वेडीवाकडी, की ते तिला दाखवायचीच मला भीती वाटली. हेही त्याचं नाही म्हणाली तर? ती पत्र घेऊन खिडकीपाशी गेली, एकेका अक्षरावरून तिने बोट फिरवलं.

"हे त्याचंच," ती म्हणाली. "शाळेत घातला तेव्हा असंच काढायचा. डावखुरा होता. मीच त्याचा हात बांधून ठेवायचे."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून वडिलांना म्हणाली, "त्याला लिहा, आता हवं त्या हाताने लिही म्हणावं."