ट्राममध्ये धरलेली जागा

लिस्बन शहरात मी ट्रामच्या उघड्या खिडकीतून आमची पिशवी आत टाकली आणि ट्राम पिशवी घेऊन निघून गेली. पिशवीत दोघांचे पासपोर्ट होते आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं.

पिशवी खिडकीतून कशाला टाकली, हे आष्टीच्या स्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एसटी फलाटाला लागायच्या आत रुमाल, टोपी, हाताला येईल ते खिडकीतून सीटवर टाकायचं, की जागा आपली. मग सावकाश चढा, त्या रुमालावर कुणी बसत नाही. या कामात माझा हात लई बसलेला. लिस्बनची ती जुनी, खडखडणारी ट्राम बघून मला घरी आल्यासारखंच झालं. पिशवी अशी बरोबर खिडकीजवळच्या सीटवर पडली की मी बायकोकडं ऐटीत बघितलं.

फक्त तिथं लोक रांगेनं चढतात. आमचा नंबर येईपर्यंत गाडी भरली, चालकानं दार लावलं, आणि आम्ही दोघं खालीच.

मी चढावर ट्रामच्या मागं पळालो. पोट माझ्या पुढं, ट्राम पोटाच्याही पुढं. बायको पळाली नाही. मी धापा टाकत परत आल्यावर म्हणाली, "आवो, पासपोर्ट खोलीवर ठिवा म्हणलं तर कावून ऐकलं न्हाई?" तेही हळू आवाजात. एरवी ती अशा वेळी ओरडते, म्हणून मी जास्तच घाबरलो.

पुढची ट्राम आली. तिच्या चालकाला मी हातवारे करून सांगितलं: फेकली, पडली, गेली. त्यानं मला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं, मला वाटतं नुसतं मजेसाठी. पण मग फोनवर कुणाशी तरी बोलला आणि आम्हाला आत बोलावलं. रांगेतली माणसं बाजूला सरली. कुणी कुरकुरलं नाही.

शेवटचा थांबा नेमका कबरस्तानाच्या दारात. तिथं बाकावर काळा स्वेटर घातलेली एक म्हातारी बसलेली. पायाशी भाजी, मांडीवर आमची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मला बघताच तिनं झापायला सुरुवात केली. भाषा कळली नाही, पण माझी मावशी याच सुरात बोलते, त्यामुळं काही सुटलंही नाही. मग तिनं हातानं दाखवलं: ती पिशवीशेजारी बसून होती, आणि कुणी तिथं टेकायला आलं की नुसती मान हलवायची. म्हणजे भरल्या गाडीत माझी जागा शेवटपर्यंत धरलेली होती.

पिशवी उघडून पासपोर्ट बघायला लावल्याशिवाय तिनं सोडलं नाही. मी पाया पडायला वाकलो तर दचकून तिनं पाय वर घेतले. बायकोनं पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू दिला. म्हातारीनं तो तिथंच खाल्ला, आणि आणखी एक मागून घेतला.

आता आष्टीला कुणाचा रुमाल माझ्या शेजारच्या सीटवर पडला, की तो माणूस चढेपर्यंत मी कुणाला तिथं बसू देत नाही. लोक शिव्या देतात. देऊ द्या.

त्या दिवशी परतीच्या रिकाम्या ट्राममध्ये माझा जीव भांड्यात पडला होता. मी म्हणालो, "बघितलं? आपली पद्धत हितंबी चालती."

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पिशवी होती म्हणून संबाळली तिनं. तुमाला फेकलं आसतं तर कुणी उचललंबी नसतं."