काचवाल्या भाऊंचा उघडा हात

बाळांनो, चंद्रपूरच्या आमच्या काचवाल्या भाऊंना कितीही घाई करा, ते एवढंच म्हणत, “होऊन राह्यलं, बाई.”

एकदा चोरानं आमच्या गाडीची खिडकी फोडली. भाऊंनी नवी काच बसवली. अंधाराआधी जंगल ओलांडून गडचिरोली गाठायची होती आणि सहा महिन्यांची तुमची ताई कडेवर रडत होती. मी तिला मागच्या सीटवर ठेवायला वाकले.

“थांबा! लेकराले इथी नका ठेवू.”

सीट झाडलेली होती. तरी भाऊंनी बाही सारून उघडा हात सीटवरून सावकाश फिरवला. काचेचा कण टोचला. तो काढून, रक्त पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“अहो, उशीर होतोय!”

“होऊ द्या न, बाई.”

तिसऱ्या खेपेला हाताला काही लागलं नाही. मग म्हणाले, “आता निजवा.”