मंदा सिस्टर आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट

मंदा सिस्टर कुणालाच उभ्याने रिपोर्ट वाचू देत नसत. नारपोलीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एखादी कागद उघडत दारातच थबकली, की त्या स्टूल पुढे सरकवायच्या. "आदी टेक. मंग वाच."

माझा रिपोर्ट मात्र आधी नवऱ्याच्या फोनवर गेला. मूल होत नव्हतं म्हणून तपासण्या चालल्या होत्या. मानकोलीच्या गोदामातली ड्युटी अर्धी टाकून संजय घरी आला. "युरियाप्लाझ्मा पॉझिटिव्ह. नेटवर लिहिलंय, संबंधातून येतं. कुणाकडून आलं तुला?"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते.

तिसऱ्या दिवशी सिस्टरना रिपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, "नवऱ्याला बोलाव. तुला येकटीला सांगून उपेग न्हाय."

संजय आला, पण बसला नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हा जंतू कितीतरी धडधाकट बायका-पुरुषांच्या अंगात असतो. काही त्रास नसेल तर बहुतेक वेळा औषधही लागत नाही."

"पण आला कुठून?"

उत्तर सिस्टरनी दिलं. "कवा आला, कुनाकडून आला, ह्ये रिपोर्ट सांगत न्हाय. तुज्याबी अंगात असंल. तुला कुटं कलतंय?"

संजय स्टुलावर बसला.

तो पैसे भरायला बाहेर गेला तेव्हा सिस्टर हात धूत म्हणाल्या, "माज्या येलंला सांगनारं कुनी नव्हतं." तपासणीत असाच साधा जंतू निघाला, आणि नवऱ्याने त्यांना दिघाशीला माहेरी आणून सोडलं. तो परत न्यायला आला नाही. त्या नर्सिंग शिकल्या ते त्यानंतर.

गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. आम्ही दोघं दिघाशीला गेलो. अंगणाच्या कडेला एक म्हातारा एकटाच बसला होता. सिस्टरच्या भावाने हळूच सांगितलं, "तिचा मालक."

मला राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, त्या रिपोर्टाचा अर्थ तसा नव्हता."

त्याने वर पाहिलं नाही. "म्हाईत हाय. नर्स झाल्यावर तीच येऊन सांगून गेली. तवा माज्या घरात दुसरी नांदत व्हती."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"मना म्हनली, हिला तरी नीट वागव."