माझ्या हातचं सारण

डॉक्टरकाकूंनी माझ्या हातचं सारण बिनमध्ये टाकलं. हिरव्या, फूड-वेस्टच्या बिनमध्ये. पातेल्याला कणही चिकटून राहू नये अशा बेताने, चमच्याने खरवडून खरवडून. मी शेजारीच उभी होते. माझ्या बोटांना अजून गूळ चिकटलेला होता.

"करपलं होतं गं," त्या म्हणाल्या.

करपलं नव्हतं. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच पातेल्यात डोकावून सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "बघा, इथे वाढलेल्या मुलीला कसं छान जमलंय!" नैवेद्याचं, म्हणून चव कुणी घेतली नव्हती. रंग बघूनच कौतुक झालं होतं.

मधे एवढंच झालं की माझा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून करंगळीने स्पीकर लावला. बाबा होते.

"जय भीम, बेटा. जेवली का?"

"जय भीम, बाबा. नंतर जेवते."

बस. मोदक वळणारे हात थांबले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि तरी सगळ्यांचं एकमेकींशी बोलून झालं. मग काकू उठल्या आणि त्यांनी पातेलं उचललं.

"तू असं कर, दाराशी चपला-बुटांकडे बघ. फार पसारा होतो तिथे. इथलं सोवळ्याचं आहे ना, आम्ही बघतो."

सोवळ्याचं! मँचेस्टरमधला कौन्सिलचा हॉल, गणपतीपुरता भाड्याने घेतलेला. आदल्या संध्याकाळी तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाची पार्टी झाली होती, ओव्हनला चिकनचा वास तसाच होता. नारळ फ्रीझरमधल्या पाकिटातला. त्या सगळ्यात विटाळ मात्र माझ्या बोटांचा.

मी गेले दाराशी. का गेले, ते सांगते.

मी युनिव्हर्सिटीत मल्टिकल्चरल अँड एथ्निक स्टडीज शिकते. वंश, स्थलांतर, भेदभाव, हेच आमचे विषय. या डिग्रीची एक अट आहे. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या समाजाच्या संस्थेत प्लेसमेंट करायची. संस्थेतल्या वडीलधाऱ्या माणसाने शेवटी सांगायचं, हो, ही आमच्यात राहिली, हिने काम केलं. त्यांनी तसं म्हटलं नाही तर नापास. नापास तर तिसरं वर्ष नाही, आणि डिग्री नाही. म्हणजे समाज काय असतो ते मी पुस्तकातून कितीही शिकले, तरी त्यातली आहे की नाही, ते इथल्या मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरकाकू ठरवणार.

माझ्यासाठी महाराष्ट्र मंडळ शोधलं ते आमच्या ट्यूटरने, हेलनने. "तुझी भाषा मराठी, तुझी माणसं मराठी," ती खूश होऊन म्हणाली, "परफेक्ट फिट!" हेलन चांगली बाई आहे, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर भांडता आलं असतं.

मीही हो म्हटलं. वाटलं, इथे कोण विचारतंय. पण विचारतात. आडनाव विचारत नाहीत, कारण आमचं आडनाव कुणाचंही असू शकतं असं आहे. त्यावरून कळत नाही म्हणून मग, "नागपूरचे का? वा! नागपुरात कुठे?" बाबांना हा प्रश्न पाठ झालाय. ते सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, आणि शनिवारी मंडळातल्या लोकांबरोबर बॅडमिंटन खेळायला जायचे. "स्टेशनजवळ," ते सांगायचे, आणि विषय क्रिकेटवर न्यायचे. घरात जय भीम, उंबऱ्याबाहेर नमस्कार. इतकी वर्षं त्यांनी ते सांभाळलं आणि शेवटी त्यांच्याच आवाजाने, माझ्या फोनमधून, सगळं उघड झालं.

तर मी दाराशी उभी. येणाऱ्यांचे बूट उचलायचे, जोड्या लावायच्या. लहान मुलांचे, डॉक्टरांचे, आयटीवाल्यांचे. लाज वाटत होती. राग नंतर आला, आधी लाजच.

आणि मग हेलन आली.

प्लेसमेंट कशी चाललीये ते बघायला ती प्रत्येकाकडे एकदा येते. मला बघून तिचा चेहरा उजळला. "किती छान, तू पाहुण्यांचं स्वागत करतेयस!" तिने लांब बूट काढले आणि माझ्या हातात दिले. मी घेतले. डॉक्टरकाकू लगबगीने आल्या आणि तिला हाताला धरून थेट किचनमध्ये घेऊन गेल्या.

दार उघडंच होतं. मला सगळं दिसत होतं. हेलनने हातसुद्धा धुतले नाहीत. कुणीतरी तिच्या तळव्यावर उकडीची पारी ठेवली, तिने नव्याने केलेलं सारण भरलं, मोदक वाकडातिकडा झाला, बायका खळखळून हसल्या. फोटो निघाले. काकूंनी तो वाकडा मोदक कौतुकाने नैवेद्याच्या ताटात अगदी मधोमध ठेवला.

सकाळी बीफ बर्गर खाल्लेला हात असेल तरी चालतो. माझा चालत नाही. मी तिचे बूट हातात धरून ते बघत होते, आणि माझ्या आत काहीतरी कायमचं थंड झालं.

पुढच्या आठवड्यात मी हेलनच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पण कदाचित खरंच करपलं असेल?" मग म्हणाली, "माझ्याशी तर ते सगळे किती प्रेमाने वागले." आणि शेवटी म्हणाली, "हे बघ, एका समाजाच्या आतल्या परंपरांवर माझ्यासारख्या गोऱ्या बाईने बोट ठेवणं बरोबर नाही. हेच तर आपण इथे शिकतो."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गोऱ्यांनी आपल्या माणसांवर केलेल्या अन्यायावर मी तिच्याच वर्गात निबंध लिहिलाय आणि पहिली आलेय. आपल्या माणसांनी माझ्यावर केला, तर ती परंपरा.

प्लेसमेंटच्या शेवटी आम्ही तिघी हेलनच्या ऑफिसात एका टेबलाशी बसलो. मी, हेलन, डॉक्टरकाकू. काकू छान इंग्लिश बोलतात, हॉस्पिटलमध्ये पेशंट त्यांच्यावर जीव टाकतात. "हुशार मुलगी आहे," त्या हेलनला म्हणाल्या, "पण आमच्यात मिसळत नाही. सणात पॉलिटिक्स आणते. आम्ही इथे तसलं काही मानत नाही, आम्ही सगळे फक्त इंडियन." तसलं काही. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. कुणीच उच्चारत नाही. "तिने गैरसमजाबद्दल सॉरी म्हटलं, की माझ्याकडून ती पास."

चोराच्या उलट्या बोंबा. हेलनने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे घे, सुटलीस.

काकू माझ्याकडे झुकल्या आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "बाळा, एका शब्दाने काय जातंय तुझं? वर्ष वाचेल."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही सारण का टाकलंत?"

"करपलं होतं."

"नव्हतं. का टाकलंत?"

मी इंग्लिशमध्ये हेलनला म्हटलं, "यांना विचार, का टाकलं." हेलन आपल्या चहाच्या मगाकडे बघत राहिली. तिने विचारलं नाही. त्या खोलीत भेदभावावरच्या पुस्तकांनी भरलेली भिंत होती, आणि एवढा एक प्रश्न कुणाला विचारता आला नाही.

"मी सॉरी म्हणणार नाही," मी म्हटलं, आणि उठले.

नापास झाले. अपील केलं, तेही फेटाळलं. कम्युनिटी पार्टनरचं मत अंतिम असतं म्हणे. हेलनने प्रेमाने सुचवलं, सोशियॉलॉजीला बदली घे, तिथे प्लेसमेंट नसते. सोबतची मुलं तिसऱ्या वर्षाला गेली. बाबांना बॅडमिंटनच्या ग्रुपमधून कुणी काढलं नाही. फक्त खेळायची वेळ बदलली आणि ती त्यांना कुणी कळवली नाही. शनिवारी ते घरीच असतात. मला रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "एक सॉरीच तर म्हणायचं होतं, बेटा."

आता मी फोन केला की ते फक्त "हॅलो" म्हणतात. बाकी सगळं मला सोसलं. हे सोसत नाही.

काही बदलेल असं मला वाटत नाही. काकू बदलणार नाहीत, हेलनला कळणार नाही. कदाचित मला ही डिग्री कधीच मिळणार नाही. पण मी बदली घेतलेली नाही. दुसरं वर्ष पुन्हा करतेय. हेलनने विचारलं, यंदा प्लेसमेंट कुठे? मी तेच मंडळ सांगितलं. तिचा चेहरा पडला. अट अशी आहे की आपल्याच समाजातल्या मुलीला संस्थेने नको म्हटलं, तर समोर बसून कारण सांगावं लागतं.

यंदाच्या गणपतीच्या दिवशी हॉलच्या दारात मी आधी जय भीम म्हणणार आहे, मोठ्याने. मग माझे बूट काढून सरळ किचनमध्ये जाणार आहे. अडवायचं तर त्यांनी अडवावं आणि का ते सांगावं. करपलं होतं, असं या वेळी म्हणता येणार नाही. अजून काही शिजवलेलंच नसेल.