मार्टिनची बेनाम रायफल

दर शनिवारी चार माणसं जुन्या वस्तूंभोवती जमली की वस्तू राहतात बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आयर्लंडमधल्या नास गावच्या आमच्या क्लबचं तेच झालं. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रायफली जमवणाऱ्या आयरिश म्हाताऱ्यांचा हा क्लब. त्यात मी एकटाच पुण्याचा आणि एकटाच काळ्या केसांचा!

*

मी तिथे शिरलो तो क्लबातल्या बंदुकांच्या नोंदींच्या रजिस्टरमुळे. क्लबचा सेक्रेटरी मार्टिन हा ब्लँचर्डस्टाउनमधला आमचा शेजारी, रिटायर्ड पोस्टमन. रजिस्टर फाउंटन पेननं लिहायचा, तेही डाव्या हातानं. ओल्या शाईवरून त्याचाच हात फिरायचा आणि अख्खं पान निळं! "आमच्या घराण्यात दर पिढीला एक डावखुरा असतोच," हे वर अभिमानानं सांगायचा. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग हे टाइप कर."

मी कोड वाचतो, डाग नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

*

या मंडळींत बंदुकीपेक्षा ती घडवणाऱ्याला मान जास्त. नळीवर कारागिराचं नाव कोरलेलं दिसलं की सगळे गप्प. मार्टिनच्या रायफलीवर नावच नव्हतं. त्याचं म्हणणं, आजोबांच्या काकांनी ती अमेरिकेत, सेंट लुईसला घडवली.

"पुरावा?" क्लबचा तज्ज्ञ फर्गस विचारायचा.

"माझी आजी सांगायची."

"मग आजीनं सही करायला हवी होती!"

सगळे हसायचे. मार्टिनही हसायचा, पण त्याला ते लागायचं, आणि मला त्याचं वाईट वाटायचं. कारण 'कारागीर' या रकान्यात दर वर्षी 'अज्ञात' टाइप करणारा मीच होतो.

*

एकदा फोटो काढायला ती रायफल चादरीत गुंडाळून घरी आणत होतो. वाटेत पोलिसानं गाडी थांबवली. मागच्या सीटवर चादरीतून नळी बाहेर आलेली! तो वाकून बघत राहिला.

"ठासणीची ना?"

"हो."

"मार्टिनची?"

"हो."

"ग्रँड. तुझ्या गाडीच्या काचेवरची टॅक्स डिस्क संपलीय, ते आधी बघ!"

*

त्याच सुमारास बाबा आमच्याकडे आले. चाळीस वर्षं बंदुकांच्या कारखान्यात फिटर. खंडेनवमीला रायफल घरातच होती. मी ऑफिसातून येईपर्यंत तिला हळदकुंकू लागलं होतं, पुढे पेढाही होता. नेमका मार्टिन आला. हे लोक जुन्या लाकडाला ओलं फडकंही लावू देत नाहीत, म्हणून मी माफी मागायला लागलो.

"क्लबात हिला इतका मान कुणी दिला नाही रे," मार्टिन म्हणाला आणि पेढा उचलला.

*

पुढच्या शनिवारी बाबांना क्लबात नेलं. फर्गसनं रायफलीचा खटका, म्हणजे घोडा बसवलेली लोखंडी पट्टी, सोडवून त्यांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, खटक्याची पट्टी आतून उजेडात धरली आणि अंगठा फिरवला.

"कानस उलटी चाललीय," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आयुष्यभर शिकाऊ पोरांच्या कानशीचे ओरखडे तपासलेत मी. उजव्या हातानं घासलं की असे जातात." त्यांनी टेबलावर बोटानं तिरकी रेघ ओढली. "हे सगळे उलटे. घडवणारा डावखुरा होता, सांग त्यांना."

मी इंग्रजीत सांगितलं. फर्गसनं भिंग लावलं. वर पाहिलं ते मार्टिनच्या डाव्या हाताकडे. मग त्यानं रजिस्टरचा माझा प्रिंटआउट पुढे ओढला, 'अज्ञात'वर काट मारली आणि पेन मार्टिनला दिलं.

"नाव तूच लिही. डाग पडला तरी चालेल."

ते पान मी परत टाइप केलेलं नाही.